स्पॅनिशमधला 'बेस' : वेळ, वेळा की खेप?

कोथरूडकर : डेले ए-टूची (स्पॅनिशची परीक्षा, ए-टू पातळी) तयारी चालू आहे. 'तिएम्पो', 'ओरा' आणि 'बेस' या तिन्हींपुढे वहीत 'वेळ' असंच लिहिलंय, तिथेच घोळ होतो. 'तीनदा फोन केला'साठी 'त्रेस तिएम्पोस' लिहिलं, ते चूक निघालं. शिवाय 'बेस'च्या (vez) अनेकवचनात (veces) शेवटचा झेड जाऊन सी का येतो? आणि 'ताल बेस'चा अर्थ एकदम 'कदाचित' कसा?

नारायणपेठी : 'बेस'पुढचं 'वेळ' खोडा आणि 'खेप' लिहा. निम्मं काम तिथेच होईल.

'त्रेस तिएम्पोस' ही इंग्रजी 'टाइम'ची कृपा. मराठीतून विचार केला तर ही चूक होऊच नये, कारण आपल्याकडे 'वेळ' दोन आहेत. 'वेळ गेला' यातला पुल्लिंगी वेळ म्हणजे कालावधी, तो तिएम्पो. 'वेळ झाली' यातली स्त्रीलिंगी वेळ म्हणजे ठरलेली घटका, ती ओरा. लिंगंही जुळतात : एल तिएम्पो, ला ओरा. 'तेंगो तिएम्पो' म्हणजे मला वेळ आहे. 'एस ओरा दे कोमेर' म्हणजे जेवायची वेळ झाली. किती वाजले हे विचारायला 'के ओरा एस'. तिथे तिएम्पो घालून 'के तिएम्पो आसे' म्हणालात तर समोरचा पावसापाण्याचं सांगेल.

मोजायची असते ती खेप, म्हणजे बेस. तीही स्त्रीलिंगी, म्हणून 'मुचास बेसेस' (पुष्कळदा), 'मुचोस' नाही. आठवड्यातून तीनदा डेक्कनला जातो : 'बोय आ डेक्कन त्रेस बेसेस आ ला सेमाना'. आपल्या 'आठवड्यातून'मधल्या 'तून'साठी 'एन' घालायचा मोह होतो. तिथे 'आ'च हवा. दिवसातून दोनदा, 'दोस बेसेस आल दीआ'.

झेडचं म्हणाल तर ती निव्वळ लेखनाची रीत. ई आणि आय या अक्षरांपूर्वी झेड सहसा लिहीत नाहीत, सी लिहितात. उच्चार तोच राहतो. लापिस-लापिसेस (पेन्सिल), लुस-लुसेस (प्रकाश) यांचंही तेच. माद्रिदकडे हा 'स' जीभ दातांत धरून 'थ'सारखा काढतात, मेक्सिकोत साधा 'स'. परीक्षेत दोन्ही चालतात, पण एका वाक्यात हा आणि दुसऱ्यात तो असं करू नका.

औंधवाला : वाक्प्रचारांत जिथे हमखास मार्क जातात तेवढंच सांगतो.

'पुन्हा' म्हणजे 'ओत्रा बेस'. आधी 'उना' लावायचं नाही. 'ओत्रा'ला ते चालत नाही. 'आ बेसेस' म्हणजे कधीकधी आणि 'आ ला बेस' म्हणजे एकाच वेळी. एवढ्याशा 'ला'ने अर्थ पार बदलतो. 'कादा बेस मास' म्हणजे दिवसेंदिवस जास्त. 'दे उना बेस'ला तर मराठीत नेमका जोडीदार आहे : 'एकदाचं'. कर बाबा एकदाचं, त्यातला वैतागसुद्धा तसाच.

'कादा बेस के'ला जपा. नेहमीची गोष्ट असेल तर साधं क्रियापद : 'कादा बेस के बिएनेस' (येतोस तेव्हा). पुढची असेल तर सुबहुंतिवो (अनिश्चित किंवा अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं रूप) : 'कादा बेस के बेंगास' (येशील तेव्हा).

'ताल बेस' म्हणजे शब्दशः 'अशी एखादी खेप', त्यावरून 'कदाचित'. क्रियापदाच्या आधी आला तर बहुधा सुबहुंतिवो : 'ताल बेस बेंगा मान्याना' (कदाचित उद्या येईल). खात्री जरा जास्त असेल तर 'बिएने'ही चालतं. मात्र क्रियापदानंतर आला तर सुबहुंतिवो नाहीच : 'बिएने मान्याना, ताल बेस'.

कोथरूडकर : खेप एकदम बसली! मग 'एन बेस दे'मध्ये कुठली खेप? आणि स्पेनच्या बाजारातल्या एका संवादात 'किएन दा ला बेस?' आहे, तिथे 'खेप कोण देतं' काही जमत नाही.

नारायणपेठी : तिथे 'पाळी' घ्या, किंवा आपल्या रांगेतला 'नंबर'. मूळ लॅटिन शब्दात पाळी, अदलाबदल, एकाच्या जागी दुसरा हे अर्थ आहेत. व्हाइस-चॅन्सेलरमधला 'व्हाइस' त्याच घरातला. म्हणून 'एन बेस दे' म्हणजे 'च्या जागी', 'ऐवजी'. पुढे क्रियापद मूळ रूपातच : 'एन बेस दे कोमेर', जेवायच्या ऐवजी.

मासळीच्या गाळ्यापुढे टोकन नसतं, धड रांगही नसते. नवा येणारा विचारतो 'किएन दा ला बेस?', म्हणजे शेवटचा नंबर कोणाचा. जो शेवटी आलेला असतो तो 'यो' (मी) म्हणतो, त्याच्यानंतर तुम्ही. हा प्रयोग स्पेनमधला. इतरत्र सरळ 'किएन एस एल उल्तिमो?' विचारा.