गोवंडीतल्या अभ्यासिकेत मुले टिकत नाहीत. आमचे काय चुकत असावे?

पिंपळपान :
नमस्कार. आम्ही चेंबूरमधील सहा मैत्रिणी गेली दीड वर्षे गोवंडीतील एका पुनर्वसन वसाहतीत शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मुलांची अभ्यासिका चालवतो. सोसायटीने तळमजल्यावरील कार्यालयाची खोली विनामूल्य दिली आहे. सुरुवातीला पटावर ४२ मुले होती. आता कशीबशी १४-१५ येतात आणि त्यांतही मुलींची संख्या फारच रोडावली आहे. आम्ही शाळेचा गृहपाठ करून घेतो, थोडे इंग्रजी शिकवतो आणि शेवटी गोष्टी वाचून दाखवतो. वर्गात मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांची मुले एकत्र बसतात.

हा भाग महापालिकेच्या ज्या एम-पूर्व विभागात येतो, तो मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता. देवनारचा कचरा-डेपो १९२७पासून येथेच आहे. त्यामुळे केवळ पाढे आणि स्पेलिंग घेऊन भागणार नाही, मुलांच्या प्रकृतीकडे आणि मनाकडेही पाहायला हवे, असे आम्हाला सतत वाटते. एक मैत्रीण आरोग्य शिबिर घ्यावे म्हणते, दुसरी ध्यानधारणेचा वर्ग सुचवते, आणि एका देणगीदारांना टॅबलेट वाटायचे आहेत. आमच्याकडे दरमहा १२,००० रुपये जमतात, त्यापलीकडे फारसे काही नाही. हे पैसे आणि आमचा वेळ नेमका कशावर खर्चावा? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया स्पष्ट लिहावे. आमचे चुकत असेल तर तेही सांगावे.

खडूफळा :
मी महापालिकेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालो, तेव्हा थोडे परखड लिहितो आहे. तुमची पहिली चूक गृहपाठ ही आहे. ज्या मुलाला सलग वाक्य वाचता येत नाही, ते सहावीचा गृहपाठ करत नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते. आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो. एका संध्याकाळी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे स्वतंत्र बसवून पाहा. त्याला अक्षरे ओळखता येतात का, साधे शब्द येतात का, परिच्छेद येतो का, की दुसरीच्या पातळीची गोष्ट तो अडखळत का होईना, पण वाचतो? नंतर इयत्ता विसरून या चार पातळ्यांनुसार गट करा. सातवीतला मुलगा शब्दांच्या गटात निघाला, तर त्याला तिथेच बसवायचे. मात्र त्या गटाला 'कच्चा गट' असे नाव चुकूनही देऊ नका. माध्यमे तीन असली तरी ही पद्धत चालते, कारण प्रत्येकाची तपासणी त्याच्या शाळेच्या भाषेत घेता येते.

ही कल्पना माझी नाही. 'प्रथम' या संस्थेने नव्वदच्या दशकात मुंबईतच बालसखी हा उपक्रम सुरू केला. त्यात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन आणि गणित शिकवले जाई, आणि शिकवणारी बालसखी त्याच परिसरातली, शालेय शिक्षण झालेली तरुणी असे. तिला जेमतेम दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे आणि मानधनही किरकोळ असे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाची पाहणी केली. त्यात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. मात्र उपक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच पाहणीत नोंदवले आहे. उत्साही मंडळी हा दुसरा भाग सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

तेव्हा माझा सल्ला असा, की आठवड्याचे दोन दिवस सोडा आणि रोज दीड तास ठेवा. तुम्हा सहा जणींना रोज येणे जमणार नाही, आणि ते अपेक्षितही नाही. वसाहतीतल्याच, बारावी झालेल्या दोन मुलींना दरमहा प्रत्येकी ४,००० रुपये द्या, तुम्ही त्यांना शिकवा, आणि मुलांना त्या शिकवतील. टॅबलेट मात्र नम्रपणे नाकारा. मी शाळेत ते कपाटात कुलूपबंद पडलेले पाहिले आहेत.

चौथा मजला :
मी अशाच एका वसाहतीत वाढले. आमची झोपडी रेल्वेच्या रुळांलगत होती. ती गेली आणि आम्हाला येथे चौथ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. तेव्हा मी आठ वर्षांची होते. खडूफळा सरांचे म्हणणे मला पटते. परंतु पिंपळपान ताई, तुम्ही मुलींबद्दल जे एक वाक्य ओझरते लिहिले आहे, माझ्या मते तिथेच उत्तर आहे.

तुमच्या वसाहतीत पाणी किती वाजता येते, हे तुम्ही विचारले आहे का? आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला यायचे, तासभर असायचे, आणि त्या तासात घरातली मोठी मुलगी हंडे-पिंप सोडून कुठेही जाऊ शकत नसे. त्यानंतर धाकट्या भावाला सांभाळायचे, कारण आई घरकामाहून परतलेली नसायची किंवा घरी बसून जरीचे काम करत असायची. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या वर्गात लहान भावंडांना आणायला मनाई होती. 'शिस्त बिघडते' असे तिथल्या ताई म्हणत. दोन महिन्यांत तिथे एकही मोठी मुलगी उरली नाही, आणि अहवालात कारण लिहिले गेले ते 'पालकांची अनास्था'. तुम्ही एक कोपरा, एक चटई आणि चार खेळणी धाकट्यांसाठी ठेवा, वेळ पाण्याप्रमाणे बदला, आणि मग पट पाहा.

दुसरी गोष्ट आठवीनंतरची. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १४ वर्षांपर्यंतचा आहे, आणि आमच्या बाजूच्या पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपत. पुढची शाळा लांब, रिक्षाचे पैसे वेगळे, आणि रस्त्याची भीती. त्यामुळे मुली घरी बसत आणि मुलगे गॅरेजमध्ये जात. मी स्वतः दोन वर्षे घरी होते आणि नंतर १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून दहावी झाले. हा फॉर्म कधी निघतो, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो दाखला जुन्या शाळेतून कसा मिळवायचा, हे सगळे मला शेजारच्या एका दादाने सांगितले, कोणत्याही संस्थेने नाही. तुमच्या अभ्यासिकेने वर्षाला पाच जणींचे असे फॉर्म भरून घेतले आणि परीक्षेपर्यंत त्यांच्यासोबत राहिलात, तरी ते शंभर टी-शर्ट वाटण्यापेक्षा मोठे काम होईल. टी-शर्टवरून आठवले, म्हणून लिहिते : मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणे कृपया बंद करा. आम्ही त्या फोटोंत कसे दिसतो, हे आम्हाला तेव्हाही समजत होते.

नटवर पारेख कंपाउंडमध्ये 'किताब महल' नावाचे वाचनालय आहे. तिथे एकदा जाऊन या. मुले तिथे आपणहून येऊन बसतात, हे पाहण्यासारखे आहे. २०२३ साली त्याच वसाहतीत गोवंडी कला महोत्सव झाला, तेव्हा आमच्या भागाचे नाव पहिल्यांदाच कचरा आणि गुन्हे सोडून दुसऱ्या कारणाने वर्तमानपत्रांत आले. आपल्या जागेबद्दल चांगले बोलले जाणे, हाही मुलांच्या आरोग्याचाच भाग आहे, असे मला वाटते.

सेविकाताई :
मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते, म्हणून आरोग्यापुरते लिहिते. शिबिर घेऊ नका. शिबिरात डॉक्टर येतात, वजन होते, गोळ्या मिळतात, बॅनर निघते, आणि ज्या मुलाला पुढचे उपचार हवेत ते पुढच्या शिबिरापर्यंत तसेच राहते. तुमच्या वसाहतीत किंवा तिच्या शेजारी अंगणवाडी असणारच. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ज्या ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत धारावी होती. म्हणजे मुंबईच्या वस्त्यांना ती नवी नाही. तेथील सेविकेला आधी भेटा. धाकटी भावंडे तुमच्या चटईवर येऊ लागली, की तिच्याकडून महिन्यातून एकदा त्यांचा दंडघेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजायचे आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचे, ११.५ ते १२.५ असेल तर मध्यम कुपोषित, आणि तेव्हा आहाराकडे व वजनाकडे लक्ष ठेवायचे. पट्टी साधी असते. तीन रंगांमुळे आईलाही ती वाचता येते.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आधी डोळे तपासा. पालिकेच्या शाळांत आरोग्य तपासणी होते, परंतु त्या दिवशी गैरहजर असलेले मूल निसटते, आणि वारंवार गैरहजर राहणारी मुलेच तुमच्याकडे येतात. आमच्याकडे एका मुलाला सर्वांनी मठ्ठ ठरवले होते. त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते. मुलींच्या बाबतीत रक्तक्षय पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. लोहाची साप्ताहिक गोळी आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी सरकारी योजनेतून शाळांत व अंगणवाड्यांत मिळते. घरी बसलेल्या मुलींना ती मिळवून देणे एवढेच तुमचे काम. खाऊ द्यायचा असेल, तर बिस्किटांऐवजी उकडलेले चणे किंवा शेंगदाणे-गूळ द्या.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. तुमच्या तळमजल्यावरच्या खोलीला खिडकी आहे का? 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इत्यादी वसाहतींचा अभ्यास केला होता. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि तेथे क्षयरोग अधिक आहे, असे त्यात दिसले. ४० मुलांना बंद खोलीत दोन तास बसवण्यापेक्षा गच्ची मिळते का पाहा. एखाद्या मुलाचा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर त्याला पालिकेच्या दवाखान्यात पाठवा. क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य आहेत, आणि निदान झाल्यास आहारासाठी दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात.

ऐकणारी :
समुपदेशक म्हणून थोडेसे लिहिते. ध्यानधारणेचा वर्ग आत्ताच नको. ज्या घरात सात माणसे एका खोलीत राहतात, तिथल्या मुलाला डोळे मिटून शांत बसायला सांगण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारे एक माणूस मिळू द्या. तेच माणूस, त्याच वेळी, दर आठवड्याला. स्वयंसेवक बदलत राहणे हे मुलांच्या दृष्टीने पुन्हापुन्हा सोडून जाणेच असते.

मात्र मुले बोलू लागली, की जबाबदारीही येते. लैंगिक अत्याचाराविषयी काही कळले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. 'घरातच मिटवू' हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. म्हणून कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत असणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. बालकांसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याचा टेली-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत, तिन्ही भाषांत लावा. तुमच्या शिकवणाऱ्या दोन ताईंनाही महिन्यातून एकदा मन मोकळे करायला कोणीतरी हवे. त्याच वस्तीत राहून हे सर्व ऐकणे त्यांना जड जाणार आहे.

पिंपळपान :
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल जाऊन विचारले : पाणी ५.४५ला येते. दीड वर्षात आम्ही हे विचारले नव्हते, याची लाज वाटली. वेळ ७ ते ८.३० करायला सोसायटीची हरकत नाही आणि गच्चीची किल्लीही मिळेल, असे सचिव म्हणाले; पावसाळ्यापुरते पुन्हा खाली यावे लागेल. बारावी झालेल्या एका मुलीने होकार दिला आहे, दुसरीच्या घरच्यांशी चौथा मजला यांनी बोलावे अशी विनंती आहे. दोघींचे मानधन वजा जाता ४,००० रुपये उरतात, त्यांतून चणे-गूळ आणि चष्मे बसवता येतील असे वाटते. मार्चमध्ये वाचनाची तपासणी घेऊन लगेच सुरुवात करावी का?

खडूफळा :
मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात, आणि नंतर निम्मी मुले गावी जातात. कोणी मराठवाड्यात, कोणी थेट उत्तर प्रदेशात. आता फक्त दोन्ही ताईंना तयार करा, मुलांची तपासणी जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरच्या आठवड्यात घ्या. एप्रिल-मेमध्ये जी मुले गावी जात नाहीत, त्यांच्यासाठी गच्चीवर रोज गोष्टींची पुस्तके तेवढी मांडून ठेवा.

चौथा मजला :
दुसऱ्या मुलीच्या आईशी मी बोलेन. रविवारी दुपारी चारनंतर चालेल. त्याआधी ती जरीच्या कामाचा हिशेब द्यायला शेठकडे जाते.