लूकवॉर्ममधला 'लूक' कोण?

इंग्रजीत कोमटला लूकवॉर्म (lukewarm) म्हणतात. कोणीतरी विचारलंय की त्यातला लूक म्हणजे बायबलमधला संत ल्यूक का, तर नाही, त्याचा काही संबंध नाही. मध्ययुगातल्या इंग्रजीत 'लूक' या शब्दाचाच अर्थ कोमट असा होता, नंतर तो एकटा वापरातून गेला आणि वॉर्मला चिकटून तेवढा उरला. म्हणजे बघा, कोमट-गरम असा जोडशब्द झाला तो. डच भाषेत अजूनही कोमटला 'लाउ' म्हणतात, तो याचाच नातेवाईक मानतात.

पण मला खरी मजा वाटते ती टेपिड (tepid) या दुसऱ्या इंग्रजी शब्दाची. अर्थ तोच, कोमट, पण हा आला लॅटिनमधून, आणि त्याचं मूळ आणि संस्कृतमधल्या तप् धातूचं मूळ एकच आहे! म्हणजे आपला ताप, तापमान, तापणं आणि आपल्या नागपुरात मे अखेरीस सगळे ज्याच्या नावाने धास्तावतात तो नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस), सगळे टेपिडचे चुलतभाऊ. तिकडे अर्थ कोमटावर थांबला, इकडे पार ४५ डिग्रीपर्यंत गेला बाप्पा.

थर्मामीटरमधला थर्म पण तसाच, ग्रीक थेर्मोस, संस्कृत घर्म आणि फारसी गर्म एकाच मुळातले, घर्मचा मराठीत घाम झाला आणि फारसीतून गरम आला. टेम्परेचर मात्र या खानदानातलं नाही हं, ते लॅटिनमधल्या योग्य प्रमाणात मिसळणं या अर्थाच्या शब्दावरून आलंय, त्यामुळे ताप आणि टेम्परेचर सारखे वाटले तरी एकत्र जोडू नका.