संपर्कयादी सांभाळायची की धंदा करायचा?

हिशेबनीस
जुनं गिऱ्हाईक टिकवणं नवं शोधण्यापेक्षा सोपं, हे सगळेच म्हणतात. पण जुन्या गिऱ्हाइकांची नावं एका जागी मागा बघू! थोडी फोनमध्ये, थोडी बिलबुकात, उरलेली कामावरच्या माणसाच्या डोक्यात. तो सोडून गेला की यादीही गेली.

माझं मत सरळ आहे. पहिल्या दिवसापासून एकच शीट ठेवा. नाव, नंबर, काय घेतलं, ओळख कुठून झाली, शेवटचं बोलणं कधी झालं आणि पुढचा फोन कधी करायचा, एवढे रकाने पुरे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नुसती टेलिफोन डिरेक्टरी. सोशल मीडियावरचे फॉलोअर यात धरू नका; खातं बंद पडलं की ते हातचे गेले. मतभेद असतील तर जरूर मांडा.

नाकासमोर
साफ अमान्य. एकट्याने धंदा करणारा दिवसभर राबून रात्री रकाने भरत बसणार? उत्साह पहिला आठवडा टिकतो, मग शीट उघडलीही जात नाही. माझं बरंचसं काम तोंडी शिफारशीवर येतं आणि शिफारस करणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत.

हिशेबनीस
पाठ आहेत, कारण ते परत परत येतात. एकदाच काम देऊन गेले त्यांची नावं आठवतात का? धंदा वाढायला जागा तिथेच आहे. आणि रात्री बसायचं कशाला? फोन ठेवला की लगेच एक ओळ टाकायची.

टेबलजोड
दोघांचं चालू द्या, मी प्रत्यक्ष कामातलं सांगतो. लोकांच्या याद्या साफ करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे.

एक्सेलमध्ये नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर सुरुवातीचा शून्य उडतो आणि देशाच्या कोडसकट १२ अंकी नंबर टाकला की 'ई+११' शेपटीचं काहीतरी दिसायला लागतं. ते तसंच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाइल) म्हणून सेव्ह केलंत तर जे दिसतंय तेच जातं, शेवटचे अंक कायमचे गेले. नंबर अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड लावून एकाच पद्धतीने लिहा. आंतरराष्ट्रीय प्रमाणात तो जास्तीत जास्त १५ अंकी असतो.

दुसरं म्हणजे, माणूस ओळखायचा नंबरावरून, नावावरून नाही. एकच कुलकर्णी मला एका यादीत तीनदा सापडतात: पूर्ण नावाने, 'कुलकर्णी साहेब' म्हणून आणि 'कुलकर्णी नवीन' म्हणून. तिघांना तीन मेसेज जातात, वैतागतो एकच.

अवांतर: २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल फाइलच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेपायी सुमारे १६ हजार कोरोना रुग्ण आकडेवारीतून गळले होते. तेव्हा शीटवर डोळे मिटून विश्वास नको.

नाकासमोर
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की! वहीत शून्य उडत नाही.

टेबलजोड
आणि 'सहा महिन्यांत न बोललेले सगळे' असं वहीला विचारताही येत नाही.

फुलस्टॉप
गिऱ्हाइकाच्या बाजूने कोणी बोलणार आहे का? बिलासाठी नंबर दिला की सणासुदीच्या शुभेच्छा, ऑफर, 'आम्हाला रेटिंग द्या', सगळा भडिमार सुरू. मी दिलेला नंबर हे तुमचं भांडवल कधीपासून झालं? युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खाजगी माहिती जपण्याचा कायदा लागू आहे. तिथे ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच्याशी न जुळणाऱ्या कामाला ती वापरता येत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनेही घाऊक मेलवाल्यांना तंबी दिली आहे: स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजारात तिघं वैतागले की संपलंच.

हिशेबनीस
मुद्दा मान्य. जीमेलच्या जास्तीच्या अटी दिवसाला ५,००० मेलच्या वरच्यांना आहेत, पण ०.३ टक्क्यांची अट छोट्यांनाही आहे. परवानगी कधी आणि कशासाठी दिली, याचा रकाना वाढवतो. मात्र 'नको' म्हणणाऱ्याला यादीतून पुसू नका, 'संपर्क नको' अशी खूण करा. पुसला की पुढच्या वेळी जुनी फाइल जोडताना तो बिनबोभाट परत आत येतो.

फुलस्टॉप
वा! म्हणजे नको म्हटलं तरी मी तुमच्याकडे राहणारच.

हिशेबनीस
फक्त नंबर. नाव आणि खरेदीची नोंद काढून टाका. नंबरच नसेल तर तुम्हाला फोन करायचा नाही हे लक्षात कसं राहणार?

फुलस्टॉप
तर्क पटला, पण आवडला नाही.

दुसरी_पाळी
एक विचारायचं होतं. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टने काम भागत नाही का?

टेबलजोड
ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. बाकीच्यांना गेला असं तुम्ही समजत बसता. शिवाय फोन हरवला आणि बॅकअप नसेल तर बोंबला.

दुसरी_पाळी
आणि भागीदार वेगळे झाले तर यादी कोणाची? आमच्याकडे दोघांनीही एकेक प्रत नेली. एकाच माणसाला दोन्हीकडून फोन जायला लागले.

हिशेबनीस
करारातच लिहून घ्यायचं. माल आणि उधारीची वाटणी सगळे लिहितात, यादीची कोणी लिहीत नाही.

नाकासमोर
वही असती तर एकच प्रत असती.

फुलस्टॉप
आणि त्या गिऱ्हाइकाला विचारलं होतं का, की तुम्ही कोणाकडे जाणार?