पिल्लांच्या पेटीसाठी हीटर करतेय, थर्मोस्टॅट बिघडला तरी आग लागू नये. मदत हवी आहे

निफाडजवळच्या खेड्यात राहते. पंधरा दिवसांनी गावरान कोंबडीची ३० पिल्लं आणायची आहेत, एक दिवसाची. डिसेंबरात इथे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो आणि पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायचं.

गेल्या वर्षी १०० वॅटचा साधा बल्ब त्याच्याच वायरने पेटीत टांगला होता. रात्री गाठ सैल झाली आणि बल्ब खाली तुसावर टेकला. साडेतीनला जळका वास आला म्हणून जाग आली. तूस काळं पडलेलं, प्लायवूडची कड धुमसत होती. ११ पिल्लं गेली. ती मी स्वतः पुरली, आणि वर्षभर पेटी उघडली नाही. यंदा करायचं तर नीटच.

पेटी ४ बाय ३ फूट, उंची २ फूट. ६० वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब एका बाजूलाच लावणार, म्हणजे गरम झालं तर पिल्लांना दुसऱ्या बाजूला सरकता येईल. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडतंय, एवढं आता कळतं. नियंत्रणाला २३० व्होल्टवर चालणारा एसटीसी १००० थर्मोस्टॅट आणलाय. बल्ब बंद आणि चालू होण्याच्या तापमानांत फरक १ अंश ठेवलाय, नाहीतर रिले (थर्मोस्टॅटमधला बल्ब चालू-बंद करणारा स्विच) सारखा टकटक करतो.

माझी भीती ही: रिलेचे पॉइंट चिकटले तर बल्ब बंदच होणार नाहीत. मग काय? सेन्सर नेमका कुठे बांधू? आणि रात्री वीज गेली तर?

प्रतिसाद:
ताई, भीती रास्त आहे. थर्मोस्टॅटवर एकट्यावर विसंबू नका. त्याच्याशी काही संबंध नसलेला दुसरा कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच, फेजच्या वायरमध्ये सिरीजला टाका. केएसडी ३०१ नावाचा बटणाएवढा बायमेटल (उष्णतेने वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीचा) स्विच मिळतो. त्यातला बटण दाबल्याशिवाय पुन्हा चालू न होणारा प्रकार घ्या. आपोआप चालू होणारा घेतला तर बिघाड झालेला तुम्हाला कळणारच नाही. तो झाकणाच्या आतून, बल्बच्या वर लावा. आधी रिकामी पेटी रात्रभर चालवून तिथलं तापमान बघा आणि त्याहून १०-१५ अंश वरचा निवडा.

सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर हवा. बल्बचा थेट उजेड त्यावर पडला तर तो खोटं जास्त तापमान दाखवेल. सेन्सर तुटला तर हा थर्मोस्टॅट चूक दाखवून हीटर बंद करतो. खरा धोका आहे तो सेन्सर पेटीबाहेर निसटण्याचा. बाहेरची थंडी बघून तो आत तापवतच राहील. म्हणून क्लिपने घट्ट बसवा आणि वायर पाइपातून न्या, पिल्लं टोचा मारतात.

बल्ब साखळीने टांगा, वायरने कधीच नाही. होल्डर चिनी मातीचा, भोवती जाळी, जाळीला अर्थिंग. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या. बल्ब पॅरललला जोडा, एक गेला तरी दुसरा राहील. थर्मोस्टॅट पेटीबाहेर ठेवा, आत तुसाची धूळ बसते.

आणखी एक: वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लंच काय, माणसंही दगावतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. झाकणाखाली रात्रभरात जास्तीत जास्त ४६ अंश गेलं, म्हणून ६० चा कटआउट लावला. मग सेन्सर मुद्दाम बाहेर काढून गार पाण्याच्या पेल्यात ठेवला, पेटीवर गोणपाट टाकलं आणि घड्याळ घेऊन शेजारीच बसले. ३८ मिनिटांनी टक् आवाज आला, बल्ब विझले आणि बटण दाबेपर्यंत विझलेलेच राहिले. तूस हाताला कोमट लागत होतं, इतकंच. मला रडू आलं.

विजेसाठी पेटीच्या एका कोपऱ्यात खोक्याचं छोटं घर केलंय, पुढे पोत्याचा पडदा. वीज गेली की गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवीन. प्रयोग केला तर दोन तास ऊब टिकली. आमच्याकडे कधी कधी चार-चार तास वीज येत नाही. मध्यरात्री उठून पाणी बदलायला मी तयार आहे, पण वीज गेल्याचं झोपेत कळणार कसं? वीज जाताच वाजेल असा साधा, बॅटरीवरचा बझर कुणी घरी जोडलाय का?