शब्दचर्चा: ‘फलद्रूप’ म्हणजे ‘यशस्वी’च का?

प्रश्न (बेळगाव): आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक अहवालाला ‘फलद्रूप सेवा’ असं शीर्षक दिलंय. आत सभा किती झाल्या, घरोघरी भेटी किती दिल्या, वर्गणी किती जमली, हे सगळं आहे. इथे हा शब्द बसतो का?

उत्तर: मला नाही वाटत. ‘बोलणी फलद्रूप झाली’ म्हणजे यश आलं, हा रोजचा अर्थ. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘फळ’ बऱ्याच ठिकाणी माणसाच्या स्वभावाबद्दल येतं. गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात देहाची ‘कर्मे’ अनेकवचनी आहेत, आणि लगेच पुढे आत्म्याचं ‘फळ’ एकवचनी. मूळ ग्रीकमध्येही तसंच. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी, तरी फळ एकच! सभा मोजता येतात, सौम्यता कशी मोजणार? आपल्या भागातल्यांना कानडीतून हे पटकन कळेल: खायचं ते हण्णु, निष्पन्न होतं ते फल. मराठीत दोन्हींना फळच म्हणतो.

उत्तर (अथणी): आमची द्राक्षबाग आहे, म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय वाचताना बाग डोळ्यांपुढे येते; तिथे येशू स्वतःला वेल आणि शिष्यांना फाटे म्हणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नुसती काडी आणि पाला वाढतो, पीक काही नाही. पण त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात घडाची घडण होते. आम्ही त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो. उन्हाळ्यात पाणी आणि शेंडा मारणं चुकलं, तर ऑक्टोबरात कितीही धावपळ करा, उपयोग नाही. त्या अध्यायात ‘राहणे’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. वेलात राहिल्याशिवाय फाट्याला आपल्या आपण फळ देता येत नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे कामाला किंमतच नाही?

उत्तर: आहे ना. तीताला पत्र ३:१४ बघा. आपल्या लोकांनी निष्फळ होऊ नये म्हणून गरजा भागवणारी चांगली कामं करायला शिकावं, असं प्रेषित पौल त्यात स्पष्ट सांगतो. पडून राहणाऱ्याला इथे आडोसा नाही. फक्त कामांची यादी म्हणजे फळ नव्हे. अहवालाला ‘वर्षभरातील सेवा’ हे साधं शीर्षक द्या. अबोला धरलेली दोन घरं पुन्हा एका पंगतीला बसली असतील, तर तेवढ्या ओळीत ‘फलद्रूप’ खुशाल लिहा.