कॅमेरूनचा पंतप्रधान इंग्रजीभाषक भागातला असूनही तिथला तंटा का मिटत नाही?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. माझी भाची बेळगावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. कॅमेरूनविषयी वाचताना तिने विचारले की, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बाहेरून आलेल्या आणि घरोघरी दोनशेहून अधिक स्थानिक भाषा बोलल्या जात असताना, या दोन परभाषांवरून लोक जिवावर उदार का होतात? शिवाय पॉल बिया १९८२ पासून राष्ट्राध्यक्ष असले, तरी १९९२ पासूनचे सर्व पंतप्रधान इंग्रजीभाषक भागातलेच आहेत. मग गाऱ्हाणे उरते कुठे? सीमाभागात जन्म गेलेल्या मला याचे उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निपाणी, निवृत्त इतिहास शिक्षक)
ताई, सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करावी लागेल. जर्मनीची ही वसाहत फ्रान्स आणि ब्रिटन यांनी वाटून घेतली. ११ फेब्रुवारी १९६१ रोजी ब्रिटिश ताब्यातील भागात सार्वमत झाले. नायजेरियात जायचे की फ्रेंच ताब्यातून स्वतंत्र झालेल्या कॅमेरूनमध्ये, एवढाच पर्याय होता, स्वतंत्र होण्याचा नव्हता. उत्तरेकडचा भाग नायजेरियात गेला, दक्षिणेकडचा संघराज्याच्या वचनावर कॅमेरूनमध्ये आला. संघराज्याला बाधा आणणारी दुरुस्ती करता येणार नाही, असे कलमही घटनेत होते. तरीही पहिले राष्ट्राध्यक्ष अहमदू अहिजो यांनी २० मे १९७२ रोजी देशभर मतदान घेऊन संघराज्य संपवले, आणि १९८४ मध्ये बिया यांनी देशाच्या नावातला ‘संयुक्त’ हा शब्दही काढून टाकला.

उत्तर २ (बेळगाव, वकील)
गाऱ्हाणे न्यायालयात आणि शाळेत उरते. कॅमेरूनच्या दोन इंग्रजीभाषक प्रांतांत इंग्रजी कायद्याची परंपरा आहे, उरलेल्या आठ प्रांतांत फ्रेंच दिवाणी कायद्याची. २०१६ मध्ये सर्वांत आधी रस्त्यावर उतरले ते वकील. फ्रेंच पद्धतीत शिकलेले न्यायाधीश तिथे नेमले जात होते आणि काही कायद्यांची इंग्रजी भाषांतरेच उपलब्ध नव्हती. पाठोपाठ शिक्षकही आले, कारण इंग्रजी शाळांत फ्रेंच पद्धतीत तयार झालेले शिक्षक पाठवले जात होते. आपल्याकडे एखाद्या सरकारी कचेरीत स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला यातला सल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सरकारने २०१७ च्या जानेवारीत त्या प्रांतांचे इंटरनेट बंद केले, ते तीन महिने बंद राहिले. संवाद तुटला आणि बंदुका पुढे आल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला फुटीरांनी ‘अंबाझोनिया’ (या इंग्रजीभाषक भागाला त्यांनी दिलेले नाव) स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले.

पंतप्रधानांविषयी म्हणाल, तर त्यांची नेमणूक आणि हकालपट्टी दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या हाती असते. आपल्या प्रदेशाच्या मतांवर निवडून आलेला माणूस आणि वरून नेमलेला त्याच प्रदेशाचा माणूस यांत मोठे अंतर आहे.

उत्तर ३ (येळ्ळूर)
वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, पण तुलना जपून करावी असे मनापासून वाटते. आपला सीमाप्रश्न महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेल्या दाव्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात आहे. कॅमेरूनमध्ये मात्र गावे जळाली आहेत, हजारो माणसे मेली आहेत आणि मुले वर्षानुवर्षे शाळेपासून दूर राहिली आहेत. दुसरे असे की, तिथे ‘इंग्रजीभाषक’ म्हणजे घरी इंग्रजी बोलणारा नव्हे. बामेंडा या तिथल्या शहराच्या बाजारात पिजिन, म्हणजे इंग्रजीवरून बनलेली मिश्र बोली, चालते, घरात आपापली बोली चालते. इंग्रजी ही शाळेची, न्यायालयाची आणि १९६१ च्या वचनाची खूण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्या दोन प्रांतांना विशेष दर्जा मिळाला, पण आंदोलकांतले मवाळ संघराज्य मागत होते आणि जहाल स्वातंत्र्य. दोघांचेही त्याने समाधान झाले नाही.

भाचीला दोन्ही मतदाने शेजारी-शेजारी लिहून दाखवा. १९६१ मध्ये आपले काय व्हावे हे ब्रिटिश ताब्यातल्या लोकांनाच विचारले गेले. १९७२ मध्ये त्यांचे संघराज्य राहावे की नाही, हे साऱ्या देशाला विचारले गेले, आणि त्यात ते मूठभर होते.