मदत हवी आहे: गुणाकार सातपट घटवले, वेळ दुपटीनेही का घटत नाही? (एफपीजीए, रानडुक्कर, हरभरा)

मंडळी, प्रश्न लांब आहे. आधी परिस्थिती सांगतो, नाहीतर पहिलंच उत्तर "क्लाउडवर टाका" असं येईल. आमच्या शेतात फोनला एक काडी येते, तीही मचाणावर चढल्यावर.

घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला शेत आहे. तूर शेंगांवर आलीये, हरभरा वीतभर झालाय. रात्री रोही (नीलगायी) येतात आणि रानडुकरं येतात. झटका मशीन लावलंय, पण रोही तारेवरून उडी मारतो आणि डुक्कर खालून उकरून आत शिरतं. तारेत थेट वीज सोडणारे लोक आहेत, त्यात माणसंही मेली आहेत. तो विषय इथे नको. उरते ती जागल. या भागात वाघ फिरतो, त्यामुळे वडिलांनी रात्रभर मचाणावर बसावं हे मला पटत नाही.

म्हणून बांधावर एक डबा बसवायचा आहे. आयआर (इन्फ्रारेड) गाळणी काढलेला ओव्ही७६७० कॅमेरा, आयआर एलईडी, एक एफपीजीए (आतलं सर्किट आपणच ठरवायचं अशी चिप), एक बॅटरी. डब्याने रात्रभर सेकंदाला दोन फोटो बघायचे. रोही किंवा डुक्कर दिसलं तर भोंगा, आणि लोरावरून (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) घरी निरोप. माणूस, कुत्रं, गुरं दिसली तर गप्प.

एफपीजीए कशाला, असं कोणी विचारण्याआधी: मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, पोरांना फोटो ओळखणारं न्यूरल नेटवर्क आणि हार्डवेअर दोन्ही एकत्र घडवताना बघू द्यायचंय. बोर्ड टँग नॅनो ९के आहे. त्यात ८,६४० एलयूटी (लॉजिकच्या छोट्या विटा), १८ × १८ चे २० गुणक, आतली मेमरी ४६८ किलोबिट (म्हणजे साधारण ५८ किलोबाइट) आणि सोबत ६४ मेगाबिट पीएसरॅम (मोठी, पण जाळीपासून लांबची मेमरी). घड्याळ बोर्डावरचंच, २७ मेगाहर्ट्झ.

आम्ही २० पैकी १६ गुणकांची ४ × ४ जाळी केली. आडवे चार इनपुट चॅनल (चॅनल म्हणजे चित्राचा एक थर), उभे चार आउटपुट चॅनल. वजनं आणि आकडे ८ बिटांचे, ट्रेनिंगही क्वांटायझेशन (आकडे ८ बिटांत बसवणं) धरूनच केलंय. साधं ३ × ३ कन्व्होल्यूशन (चित्रावर ३ × ३ ची खिडकी सरकवत गुणाकार-बेरीज) यावर व्यवस्थित चालतं, पण हळू. मग मोबाइलनेट या फोनसाठी केलेल्या हलक्या नेटवर्कची युक्ती घेतली, डेप्थवाइज सेपरेबल: आधी प्रत्येक चॅनलवर वेगळं ३ × ३ (डेप्थवाइज), मग सगळे चॅनल मिसळणारं १ × १.

मधला एक लेयर घ्या. चित्र ८० × ६०, आत ३२ चॅनल, बाहेर ३२. साध्या कन्व्होल्यूशनला एका पिक्सेलमागे ९ × ३२ × ३२ = ९,२१६ गुणाकार. डेप्थवाइजला २८८ आणि त्यामागून येणाऱ्या १ × १ ला १,०२४, मिळून १,३१२. सातपट कमी. प्रत्यक्षात लेयरचा वेळ दुपटीनेही कमी झाला नाही. व्हेरिलॉग (हार्डवेअरचं वर्णन लिहायची भाषा) पुन्हा पुन्हा तपासलं, उत्तरं बिटाबिटाला पायथनशी जुळतात. मग बाकीचा फायदा गेला कुठे? आणि आता नेटवर्क बदलू की जाळी?

अचूकतेचं कोणी विचारेल म्हणून: टेस्ट सेटवर आकडा छान आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. दहा तासांच्या रात्रीत सेकंदाला दोन म्हणजे ७२,००० फोटो होतात. हजारात एक चुकला तरी रात्रीतून ७२ वेळा भोंगा. वडिलांनी आधीच विचारून ठेवलंय, "तुया डब्याले डुक्कर अन् कुत्र्यातला फरक समजते काय?" म्हणून पाचपैकी तीन फोटोंत दिसलं तरच भोंगा, असं ठेवलंय.

लूप_उलगडा:

सर, सातपट फायदा तुमच्या जाळीत कधी नव्हताच. डेप्थवाइजमध्ये प्रत्येक आउटपुट चॅनलला एकच इनपुट चॅनल लागतो. तुमच्या ४ × ४ जाळीत तेव्हा फक्त कर्णावरचे चार गुणक काम करतात, बारा बसून राहतात. एका पिक्सेलमागे घड्याळाची चक्रं मोजा:

साधं कन्व्होल्यूशन: ९,२१६ ÷ १६ = ५७६
डेप्थवाइज: २८८ ÷ ४ = ७२
त्यापुढचं १ × १: १,०२४ ÷ १६ = ६४

म्हणजे ५७६ विरुद्ध १३६. सव्वाचारपट. गुणाकारांची संख्या हे कागदावरचं माप आहे, जाळीचं माप चक्रं.

आता सव्वाचारातून दोनाच्या खाली कसं आलं? मला वाटतं तुम्ही डेप्थवाइजचा निकाल पूर्ण चित्राचा काढून पीएसरॅममध्ये ठेवताय आणि १ × १ साठी परत वाचताय. बरोबर? ८० × ६० × ३२ म्हणजे १,५३,६०० बाइट. आत जागा ५८ किलोबाइट, त्यामुळे बाहेर जाणं आलंच. साध्या कन्व्होल्यूशनला एक वाचन, एक लेखन, मिळून तीन लाख बाइट. तुमच्या दोन तुकड्यांना त्याची दुप्पट, सहा लाखांवर. गुणाकार कमी केले आणि वाहतूक वाढवली.

घाटंजीचा_मास्तर (धागाकर्ता):

हो, अगदी तसंच करतोय. दोन वेगळे लेयर म्हणून पायथनमधून जसं आलं तसं उतरवलं.

काळी_माती:

मास्तर, कापसाच्या हंगामात जिनिंगला गेला असाल. आत मशीन रिकामी फिरते, आणि गेटवर काट्यासमोर गाड्यांची रांग. मालक आणखी एक मशीन आणायचं म्हणतो. तुमचं तेच हाय. काटा वाढवा, मशीन राहू द्या.

बाकी माझा प्रश्न वेगळाच. एलईडी किती वॉटचे आहेत अन् किती वेळ चालू राह्यतात?

लूप_उलगडा:

काळी_माती भाऊंचं वाहतुकीबद्दलचं म्हणणं विजेलाही लागू आहे. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे या क्षेत्रात सगळे वापरतात: ८ बिटांचा एक गुणाकार साधारण ०.२ पिकोज्यूल, आणि चिपबाहेरच्या डीरॅममधून ३२ बिट आणायचे तर ६४० पिकोज्यूलच्या घरात. तुमचा एफपीजीए आणि तुमची पीएसरॅम यांचे आकडे वेगळे येतील, पण दरी तशीच राहील. बॅटरी वाचवायची तर बाहेरची फेरी वाचवा.

उपाय सोपा आहे. दोन्ही तुकडे जोडून चालवा. डेप्थवाइजला एका वेळी तीनच ओळी लागतात: ३ × ८० × ३२ = ७,६८० बाइट. पुढची ओळ भरत राहावी म्हणून चौथी धरा, १०,२४० झाले. डेप्थवाइजची एक ओळ तयार झाली की ती २,५६० बाइट आतच ठेवा, लगेच १ × १ लावा, आणि तोच निकाल बाहेर लिहा. मधलं चित्र पीएसरॅम कधी बघतच नाही. वजनं या लेयरची १,३१२ बाइट. सगळं मिळून पंधरा किलोबाइटच्या आत बसतं, म्हणजे तुमच्या अठ्ठावन्नात ऐसपैस.

एमआयटीच्या गटाने २०२० मध्ये छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी एमसीयूनेट केलं ते याच विचाराने: नेटवर्क शोधणारा टायनीनॅस आणि ते चालवणारं टायनीइंजिन दोन्ही एकमेकांकडे बघून घडवले. आधी नेटवर्क, मग हार्डवेअर असा क्रम लावला की तुमच्यासारखं अडकायला होतं.

चिप_वाली_वर्धेची:

मास्तर, "नेटवर्क बदलू की जाळी" याचं उत्तर दोन्हीकडे थोडं थोडं असं आहे. तीन गोष्टी सुचवते, माझ्या मते महत्त्वाची शेवटची.

डेप्थवाइज चालू असताना जाळीचा अर्थ बदला. चार इनपुट चॅनलऐवजी चार शेजारचे पिक्सेल आडवे घ्या. चार चॅनल गुणिले चार पिक्सेल, सोळाही गुणक कामाला. ७२ चक्रांची १८ होतील, १ × १ ची ६४ धरून ८२. म्हणजे कागदावरचं सातपट परत मिळालं. किंमत काय, तर थोडे मल्टिप्लेक्सर (कुठला आकडा आत घ्यायचा ते निवडणारे स्विच) आणि लाइन बफरमधून (आत धरलेल्या त्या ओळींतून) एकदम जास्त पिक्सेल बाहेर काढायची सोय. एलयूटी किती उरलेत बघा. पण जोडून चालवायचं काम आधी करा, नाहीतर गणित सात पट आणि रांग तेवढीच.

दुसरी गोष्ट पहिल्या लेयरची. तुमचं चित्र काळंपांढरं, १६० × १२०, चॅनल एक. तिथे जाळीच्या चार आडव्या जागांपैकी तीन रिकाम्या असणार. चित्राचे २ × २ चे चौकोन करून चार पिक्सेल चार चॅनल समजा: ८० × ६० × ४. ३ × ३ चं पाऊल दोनचं (दोन-दोन पिक्सेल पुढे सरकणारं) कन्व्होल्यूशन आत्ता २८८ ÷ ४ = ७२ चक्रं घेतं. घडी घातलेल्या चित्रावर ३ × ३ चालवलं तर गुणाकार १,१५२ होतात, चौपट, पण १६ ने भागून चक्रं तीच ७२. त्याच वेळात मूळ चित्राचा ६ × ६ तुकडा बघून होतो. या जागी जास्त गुणाकार फुकट आहेत. गूगलने २०१९ मध्ये आपल्या एज टीपीयू या छोट्या चिपसाठी एफिशियंटनेट हे नेटवर्क बदललं तेव्हा असंच केलं होतं: सुरुवातीच्या लेयरांत डेप्थवाइज काढून साधं कन्व्होल्यूशन परत आणलं, कारण त्या चिपवर गुणाकार वाढूनही वेळ कमी लागत होता. मोबाइलनेट ज्या फोनसाठी केलं तो फोन तुमच्या बांधावर नाही, त्यामुळे त्यातलं सगळं पवित्र मानू नका.

तिसरी. तुम्ही १८ × १८ चे गुणक ८ बिटांसाठी वापरताय! त्या प्रत्येकाचे ९ × ९ चे दोन करता येतात. २० चे ४० होतात. त्याच बोर्डावर ८ × ४ ची जाळी बसेल, एक पैसा न घालता.

काळी_माती:

एलईडीचं राह्यलं.

घाटंजीचा_मास्तर:

काळी_माती भाऊ, एक वॉटचे आहेत. सध्या टेबलावर सतत चालू ठेवतो.

काळी_माती:

मग ताईंनी सांगितलेलं सगळं करूनही बॅटरी सकाळपर्यंत टिकणार नाही. एक वॉट गुणिले दहा तास म्हणजे दहा वॉट-तास. १८६५० चा एक चांगला लिथियम सेल साधारण साडेनऊ वॉट-तासांचा असते. अख्खा सेल उजेडातच गेला. फोटो काढतानाच एलईडी लावा. हा कॅमेरा ओळीओळीने चित्र घेतो, म्हणून एक फ्रेम पुरत नाही, सगळ्या ओळींना सारखा उजेड मिळायले दोन फ्रेमचा वेळ धरा. ३० च्या वेगाला ६७ मिलिसेकंद. सेकंदाला दोन फोटो, म्हणजे १३४ मिलिसेकंद. रात्रीचे १.३ वॉट-तास. एक्सपोजर ठरावीक ठेवा, ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक वेळी पहिल्या काही फ्रेम वाया जातात.

मी शेतात मोटरीचे स्टार्टर दुरुस्त करतो, चिपा नाही. पण बॅटरी कोण खाते हे आधी मीटर लावून पाहावं लागते, मग कोणाची भाकरी कमी करायची ते ठरते.

कोथरूडकर:

हे सगळं करण्यापेक्षा मॅक्स७८००० का घेत नाही? न्यूरल नेटवर्कसाठीच केलेला मायक्रोकंट्रोलर आहे. ६४ प्रोसेसर, वजनांना ४४२ किलोबाइट आत.

घाटंजीचा_मास्तर:

कोथरूडकर साहेब, चिप उत्तम आहे, शेवटी डबे गावात वाटायचे झाले तर कदाचित तीच घेऊ. पण तिथेही ३ × ३ आणि १ × १ एवढेच आकार, वजनं १, २, ४ किंवा ८ बिटांची. म्हणजे नेटवर्क तिच्या मापाने शिवावंच लागतं. ते शिवणं पोरांनी इथे शिकलं तर तिथे अडणार नाही. आणि हा बोर्ड आयटीआयत हाताशी आहे.

आता बाकीच्यांसाठी अपडेट. दोन्ही तुकडे जोडून चालवले. लाइन बफर चार ओळींचा, जसा लूप_उलगडा यांनी सांगितला. लेयरचा वेळ आधीच्या दोन-तृतीयांशावर आला, जाळीला हातही न लावता. एलईडी आता कॅमेऱ्याच्या व्हीसिंकवर (नवी फ्रेम सुरू झाल्याची खूण) बांधलेत. पहिल्या लेयरची घडी घालून नव्याने ट्रेनिंग लावलंय, लाइट गेली नाही तर उद्या कळेल.

ताई, ९ × ९ बद्दल एक शंका. आमच्या आकड्यांना शून्यबिंदू (खरा शून्य दाखवणारा आकडा) आहे. ८ बिटांच्या आकड्यातून तो वजा केला की उत्तर −२५५ ते २५५ मध्ये कुठेही जातं, आठ बिटांत मावत नाही. म्हणून तर १८ चा गुणक घेतला होता.

चिप_वाली_वर्धेची:

−२५५ ते २५५ चिन्हासकट ९ बिटांत बरोब्बर बसतं. वजनं सममित ठेवा, म्हणजे त्यांना शून्यबिंदू नको, आठच बिट पुरतात. बेरीज मात्र ३२ बिटांची ठेवा, तिथे काटकसर नको. आणि ८ × ४ करताना आठाची बाजू आउटपुट चॅनलना द्या: इनपुटकडे दिलीत तर घडी घातलेल्या पहिल्या लेयरला पुन्हा अर्धी जाळी रिकामी राहील.

माणसांचे रात्रीचे फोटो किती आहेत तुमच्याकडे? घोंगडी पांघरून वाकून चालणारा माणूस आयआरमध्ये डुकरासारखा दिसू शकतो.

घाटंजीचा_मास्तर:

कमी आहेत. या शनिवारी पोरांना घोंगड्या देऊन बांधावरून चालवतो. टॉर्च आणि मोठ्या माणसांसोबत, आठच्या आत परत.